खोगीर कुणाच्या मापाचं?

घोडा घेताना माणूस फसला तर फसवणारा दुसरा कुणीतरी असतो. म्हातारा घोडा तरणा म्हणून खपवतो, लंगडा घोडा मऊ मातीत पळवून दाखवतो. खोगीर घेताना मात्र माणूस स्वतःच स्वतःला फसवतो. दुकानात लाकडी घोडीवर ठेवलेल्या खोगिरावर बसून बघतो. बैठक मऊ लागली, चामडं चकचकीत दिसलं, की पैसे मोजून मोकळा. ज्याच्या पाठीवर ते चढायचं तो त्या वेळी घरी गोठ्यात कडबा खात उभा असतो. त्याला कुणी विचारत नाही. विचारलं तरी तो काय सांगणार?

या एवढ्याशा गोष्टीत मला एक मोठा प्रश्न दिसतो. दोघांच्या मधे असलेल्या वस्तूचं माप कुणाच्या अंगावरून घ्यायचं? वर बसणाऱ्याच्या, का खाली चालणाऱ्याच्या? दोघांनाही बसेल असं म्हणणं सोपं आहे. पण दोघांपैकी एकालाच बोलता येत असेल तर दुसऱ्याला बसलं की नाही हे ठरवायचं कुणी? मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी माणूस. तत्त्वज्ञानाची पुस्तकं वाचलेली नाहीत. कीर्तनात जे कानावर पडलं तेवढंच. पण जनावरांच्या पाठी आणि खांदे पन्नास-साठ वर्षं जवळून बघितलेत. त्यातून जे समजलं ते इथं मांडतो.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, भीमेच्या अलीकडं. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठची ती भीमथडी, आणि तिथलं ते भीमथडी तट्टू. अंगानं लहान, काटक, मिळंल त्या चाऱ्यावर राहणारं, माळरानावर दिवसभर न थकता चालणारं. मराठ्यांच्या घोडदळाचं नाव झालं त्यात या तट्टांचा वाटा मोठा. त्याच्याही आधी 1624 साली नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरानं मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा हरवल्या, तेव्हाही त्याची सगळी भिस्त हलक्या, चपळ घोडदळावर होती. राजवटी गेल्या तसं हे तट्टू लढाईतून सुटलं आणि धनगरांच्या वाड्याबरोबर चालायला लागलं. अलीकडं भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली. शहरातल्या लोकांना ती बातमी नवी. आम्ही मात्र लहानपणापासून बघत आलोय. दिवाळी सरली की मेंढरांचे कळप निघायचे, मागून तट्टं. तट्टाच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड. भांडी, वाकळा, खाट, कोंबड्यांचं डालगं, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि कधी कधी लेकरूसुद्धा.

त्या तट्टांची पाठ बघण्यासारखी असायची. एवढं ओझं वाहून पाठ गुळगुळीत. कारण धनगरीण रोज सकाळी ओझं भरायच्या आधी पाठीवरून हात फिरवायची. घोंगडीची घडी कधी दुहेरी, कधी तिहेरी. दोन्ही अंगांना वजन सारखं आलं का हे ती उचलून बघायची. एका अंगाला पितळी हंडा गेला तर दुसऱ्या अंगाला तेवढ्याच वजनाचं दाण्याचं गाठोडं. तिच्याकडं तराजू नव्हता. पण तिचं माप चुकलेलं मी बघितलं नाही. तट्टाची पाठ लागली, म्हणजे सोलवटून जखम झाली, तर पुढच्या मुक्कामाला ते ओझं आपल्याच डोक्यावर येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या घरी बाजाराला जायला एक घोडी होती. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचं खोगीर जुनं, आत लोकर आणि चिंध्या भरलेलं. मराठीत खोगीरभरती हा शब्द आपण टाकाऊ गोष्टीला वापरतो. नुसती संख्या वाढवायला आणलेली माणसं म्हणजे खोगीरभरती. लेखात उगाच घातलेली पानं म्हणजे खोगीरभरती. खोगिराच्या पोटात काहीही कोंबलं तरी चालतं, अशी त्यामागची समजूत. हा शब्द ज्यानं काढला तो खोगिरावर बसणारा असला पाहिजे. घोड्यानं काढला असता तर त्याचा अर्थ उलटा झाला असता. वरचं चामडं, पितळी कड्या, झूल हे सगळं बघणाऱ्यासाठी. पाठीला लागते ती आतली भरतीच. एका जागी गाठ झाली, एका जागी पोकळ राहिलं, की त्या गाठीखालची कातडी आठ दिवसांत बोलायला लागते. दादा वर्षातून एकदा खोगीर उसवायचे. भरती उन्हात घालायचे, पिंजायचे आणि पुन्हा भरायचे.

खोगीर घोड्याला बसतंय का हे बघायची रीत अवघड नाही. पहिल्यांदा ते उघड्या पाठीवर ठेवायचं, खाली काही न घालता. घोंगडी घातली की चूक झाकली जाते. मग मागं उभं राहून पाठकण्याच्या वरून आरपार उजेड दिसतो का बघायचं. खोगिराचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर पडला पाहिजे, कण्यावर नाही. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या आणि खोगिराच्या मधे माणूस बसल्यावरसुद्धा दोन-तीन बोटं गेली पाहिजेत. पुढं खांद्याचं हाड मोकळं हललं पाहिजे आणि मागं शेवटच्या बरगडीच्या पलीकडं खोगीर जाता कामा नये. तंग एकदम करकचून आवळायचा नाही. थोडा आवळायचा, घोडं चार पावलं चालवायचं, मग पुन्हा बघायचा.

खरी परीक्षा खोगीर उतरवल्यावर असते. तासभर चालून आलेल्या घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली सगळीकडं सारखा घाम यायला पाहिजे. घामानं ओल्या पाठीवर मधेच एखादी कोरडी जागा दिसली तर नवखा माणूस म्हणतो, इथं बरं आहे, इथं घामसुद्धा आला नाही. जाणता माणूस तिथंच बोट ठेवतो. त्या जागी दाब इतका पडलेला असतो की घामालाही वाट मिळालेली नसते. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. जिथं काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही, तिथं सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो. कित्येकदा दाब तिथंच जास्त असतो.

आता वर बसणाऱ्याचं माप. काही भाविक माणसं म्हणतात, जनावराचं बघा, माणसाचं काय, तो सोसंल. तसंही चालत नाही. बैठक आखूड असली तर माणूस मागं सरकतो आणि सगळं वजन घोड्याच्या कमरेवर टाकतो. बैठक फार मोठी असली तर तो प्रत्येक पावलाला घसरतो, तोल सावरायला लगाम ओढतो, आणि घोड्याच्या तोंडाला जखम होते. रिकिबीची लांबी हाताएवढी धरायची. बोटांची टोकं वादीच्या वरच्या कडीला लावली की रिकीब काखेपर्यंत आली पाहिजे. ज्याची बैठक नीट नाही असा अवघडलेला स्वार घोड्याला वाईटच. म्हणून स्वारानं स्वतःचं माप बघण्यात पाप नाही. पाप आहे ते तेवढंच बघून थांबण्यात.

मग कुणी विचारतं, एवढा त्रास आहे तर खोगीरच कशाला? बिनखोगिराचं, उघड्या पाठीवर बसावं, त्यात जास्त माया आहे. दिसायला तसंच दिसतं. आम्ही पोरं तळ्यावर घोडी पाण्याला नेताना उघड्याच पाठीवर बसायचो. एवढं चालतं. पण रोज कोसन् कोस असं बसलं तर माणसाच्या बुडाची दोन हाडं घोड्याच्या पाठीवर दोनच जागी रुततात. चांगलं खोगीर तेच वजन मोठ्या जागेवर पसरवतं. म्हणजे मधे काही नसणं ही माया ठरत नाही. नीट बसवलेली वस्तू मधे असली तर ओझं हलकं होतं.

आपल्याकडं नात्यातही हेच बोलतात. आपण घरचीच माणसं, आपल्यात कसला हिशोब, कशाला ठरवाठरवी. ऐकायला गोड वाटतं. पण घरचाच म्हणून धाकट्या भावानं वीस वर्षं शेत कसलं आणि सातबाऱ्यावर नाव थोरल्याचं, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. घरचीच म्हणून सालगड्याच्या बायकोला घरकामाची मजुरी नाही, अशीही आहेत. ठरवाठरवी नसली की ओझं दोन हाडांवर येतं. आणि ती हाडं नेहमी वरच्याची असतात, पाठ नेहमी खालच्याची.

दुसरं एक बोलणं मी बाजारात फार ऐकलंय. होतंय हळूहळू सवयीचं. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमाराला गाढवांचा मोठा बाजार भरतो. विटा, माती, वाळू वाहणारी माणसं लांबून येतात. तिथं जाणतं गिऱ्हाईक दाताच्या आधी पाठ बघतं. काळ्या-करड्या पाठीवर कुठं पांढऱ्या केसांचा ठिपका असला की समजायचं, इथं कधीतरी दाबानं जखम झाली होती. कातडी भरून आली, पण केसाचा रंग कायमचा गेला. विकणारा म्हणतो, जुनं आहे, आता काही त्रास नाही, सवय झाली. सवय दोन प्रकारची असते. माझ्या हाताला खुरप्यानं घट्टे पडले, ती एक सवय. त्या घट्ट्यानं हात राखला जातो. पांढरा ठिपका ही सवय नव्हे. त्या जनावरानं सोसलं, एवढीच त्याची साक्ष. माणसांच्यात असे पांढरे ठिपके केसांवर दिसत नाहीत, म्हणून सवय झाली हे बोलणं माणसांच्या बाबतीत जास्तच खपतं.

तिसरी गोष्ट अरुंद खोगिराची. खोगिराचा सांगाडाच अरुंद असला तर लोक खाली जादा घोंगडी घालतात. बिचाऱ्याला मऊ लागावं म्हणून. हेतू चांगला, पण चिमटा वाढतो. पायाला घट्ट होणाऱ्या बुटात दोन मोजे घातल्यासारखं. आमच्या जिल्ह्यातली हजारो माणसं दर वर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, हंगाम संपला तरी ती फिटत नाही. अशा माणसाला दिवाळीला साडी-चोळी दिली, पोराला दप्तर दिलं, तर देणाऱ्याला बरं वाटतं. द्यावंच, त्यात वाईट काही नाही. पण उचलीचा, भावाचा, दिवसाच्या तासांचा सांगाडाच अरुंद असंल तर वरून घातलेली माया त्याच जागी रुतते. घोंगडी वाढवण्याआधी सांगाडा बघावा.

हे सगळं मी सांगतो तेव्हा माझा पुतण्या हसतो. त्याचं हसणं बिनबुडाचं नाही, म्हणून त्याची गोष्ट इथं सांगतो.

तीन वर्षांपूर्वी त्यानं वरातीसाठी पांढरी घोडी घेतली. शेतात भागत नव्हतं, लग्नसराईत चार पैसे मिळतील म्हणून. खोगीर तयार घेतलं, लाल मखमलीचं, आरशांचं, झुपकेदार. दिसायला राजेशाही. सांगाडा मात्र बारीक घोड्याचा, आणि घोडी पाठीनं रुंद. वैशाखात एका पाठोपाठ एक वराती झाल्या. एका सकाळी मी गोठ्यात गेलो तर घोडीनं हात लावू दिला नाही. मानेच्या मुळाशी डाव्या अंगाला रुपयाएवढी जागा सोलवटलेली, कडेनं सूज. पुढच्या दहा दिवसांत तीन वराती ठरलेल्या, तिन्हींचा इसार घेतलेला.

मी म्हटलं, घोडी जाणार नाही. तो म्हणाला, "नाना, कापूस लावून वर मऊ फडकं घालतो. दोन तासाचा तर प्रश्न आहे. माणसाला दिलेला शब्द मोठा का घोडीची पाठ मोठी?"

मी विचारलं, "शब्द कुणी दिला?"

"मी."

"आणि फेडणार कोण?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तुमचं बरोबर आहे नाना. पण तिचा खुराक याच वरातीतून येतो. वराती बंद पडल्या तर मला ती विकावी लागंल. जो घेईल तो तिची पाठ बघून थांबंल का? माझ्या दारात आहे तोवर तुम्ही निदान बोलताय तरी."

या बोलण्याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. घोडीचं पोट घोडीच्याच पाठीवर चालतं, हे खरं आहे. काम बंद हा काही तिच्यावर उपकार नाही. गरिबाच्या घरचं जनावर आणि गरीब माणूस एकाच ओझ्याखाली असतात. शहरात बसून जनावरांच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हे नेहमी दिसतं असं नाही.

पण शब्दाचं मात्र मला स्पष्ट दिसतं. शब्द हा आपल्या जिवावर द्यायचा असतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आपण हसत हसत वापरतो, पण तिच्यात मोठा न्याय आहे. इसार पुतण्यानं घेतला. तो मोडला असता तर लाज त्याची गेली असती, पैसे त्याचे गेले असते. तो पाळला असता तर कातडी तिची गेली असती. दोन्हीकडं तोटा आहे म्हणून दोन्ही सारखे होत नाहीत. ज्यानं ठरवलं त्यानं सोसणं वेगळं, आणि ज्याला ठरवताना विचारलंही नाही त्यानं सोसणं वेगळं. घरी पाहुण्याला जेवल्याशिवाय जायचं नाही असं दारात उभं राहून सांगणारा पुरुष असतो, आणि रात्री नऊला पुन्हा पीठ मळणारी बाई असते. पाहुणचाराचं नाव त्याचं होतं. तिथंही हाच हिशोब.

कायदा या बाबतीत पुष्कळ स्पष्ट आहे. 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात जखमी, कामाला नालायक झालेल्या जनावराला कामाला जुंपणं हा गुन्हा आहे. 1965 च्या नियमांत तर मापं आहेत. ओझ्याच्या तट्टावर 70 किलो, गाढवावर 50 किलो, याच्या वर नाही. दिवसात नऊ तासांच्या वर काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि जिथं पारा 37 अंशांच्या वर जातो तिथं दुपारी बारा ते तीन नाही. नियम चांगले आहेत. पण कायद्याला किलो मोजता येतात, तास मोजता येतात. अमुक घोडीच्या पाठीला अमुक खोगीर टोचतंय का, हे कोणत्याही कागदात येत नाही. ते हातानंच बघावं लागतं, आणि हात मालकाचा असतो.

शेवटी पुतण्यानं दोन वराती दुसऱ्या घोडीवाल्याला दिल्या आणि वरचे पैसे पदरचे भरले. तिसऱ्या घरी इसार परत केला. तिथला नवरदेव फुलं लावलेल्या जीपमधून मिरवला. खोगीर तोट्यात विकून रुंद सांगाड्याचं दुसरं घेतलं, साध्या कापडाचं. वीस-बावीस दिवस घोडी बसून होती. त्या दिवसांचा चारा आणि खुराक मी दिला. मोठेपणा म्हणून नव्हे. मी नुसता उपदेश केला असता आणि त्याची किंमत सगळी पुतण्यानं भरली असती, तर मीही बायजीच ठरलो असतो. न्यायाची बाजू घेणाऱ्यानं थोडं ओझं आपल्या पाठीवर घ्यावं, नाहीतर तो न्याय दुसऱ्याच्या खर्चानं होतो.

आता घोडी कमी झाल्या, बैलही कमी झाले. नगर शहराजवळ रणगाड्यांचं संग्रहालय आहे, ते बघण्यासारखं आहे. रणगाड्यांच्या पलटणींची नावं अजून पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स अशी आहेत. साध्या जवानाला अजून सवार म्हणतात. घोडा गेला, सवार राहिला. आमच्या शेतातही तसंच झालंय. ट्रॅक्टरची सीट पुढं-मागं करता येते, वर-खाली करता येते, सगळं बसणाऱ्याच्या मापानं. खाली लोखंड, त्याला काही टोचत नाही. त्यात चूक काही नाही, बैलाची मान सुटली हे चांगलंच झालं. पण आमच्या पोरांना आता फक्त स्वतःच्याच मापाच्या बैठका माहीत आहेत. खोगीर ठेवताना खाली एक जीव आहे म्हणून क्षणभर थांबायची जी सवय होती, ती जायला लागलीय. ट्रॅक्टरवर थांबायची गरज नाही. माणसांशी वागताना मात्र आहे.

थांबून बघायची ती रीत आपल्याकडं सणातच घालून ठेवलेली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्यावर वर्षभर जू असतं. त्या संध्याकाळी गरम पाण्यानं खांदा शेकायचा, हळद आणि तूप लावून मळायचा. पूजा दुसऱ्या दिवशी. शिंगांना रंग, गळ्यात माळा, वाजतगाजत मिरवणूक, पुरणपोळी, सगळं दुसऱ्या दिवशी. आधी खांदा. खांदा मळताना बोटांना सूज लागते, गाठ लागते, आणि ती लागली की जू बदलावं लागतं. ज्या कुणी हा क्रम लावला त्याला पूजा आणि विचारपूस यातला फरक समजलेला होता.

एकदा बसलं म्हणजे कायमचं बसलं असंही नसतं. 1972 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी पोळ्यापर्यंतच आमची घोडी इतकी वाळली की पावसाळ्याआधी नीट बसणारं खोगीर तिच्या पाठीवर गरागरा फिरायला लागलं. खोगीर तेच, बसणारा तोच, पाठ बदलली. दादांनी भरती बदलून बघितली, आणि थंडी सुरू झाली तसं तिच्यावर बसणंच सोडलं. बाजाराला ते तिच्या शेजारून चालत जायचे.

त्याच खांदेमळणीला बैलांचे खांदे मळून झाल्यावर दादांनी आमच्या सालगड्याला जवळ बसवलं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. दादा दर वर्षी त्या संध्याकाळी त्यांना विचारायचे, "मामा, पाडव्याला ठरलं ते बसतंय का, का कुठं टोचतंय?" एरवी मामा हसून उठायचे. त्या वर्षी ते खाली बघत म्हणाले, "पैसं नगं मालक. पैशाला दाणं मिळंनात. जमलं तर दाणं द्या." पाडव्याला रोख रकमेवर साल ठरलं होतं. ठरलेलं मोडायला दादांवर कुणाचीच सक्ती नव्हती, आणि कणगीत आमच्यापुरतीच ज्वारी होती. दादांनी निम्म्या रकमेच्या बदल्यात ज्वारी दिली, तीही पाडव्याच्या भावानं. पुढं उन्हाळ्यात आमच्या घरी मिलोच्या लाल भाकरी आणि दुष्काळी कामावरची सुकडी आली. आईनं त्याबद्दल दादांना बोलून घेतलं, कारण तो शब्दही त्यांनी तिला न विचारताच दिला होता. ते बोलणं दादांनी मुकाट ऐकून घेतलं.

आता आमच्या दारात बैल नाहीत. पोळ्याला मातीचे बैल पुजतो. पण खांदेमळणीच्या संध्याकाळी विचारायची रीत मी ठेवली आहे. शेतात कामाला येणारं जोडपं, मुलगा, सून, सगळ्यांना एकत्र बसवून विचारतो, कुठं टोचतंय का. पहिल्या वर्षी कुणीच काही बोललं नाही. मी ते बसलं असं धरलं नाही. घामाच्या पाठीवरची कोरडी जागा मला आठवत होती. दुसऱ्या वर्षी त्या जोडप्यानं दुपारची सुट्टी अर्धा तास वाढवून मागितली, ती वाढवली. तिसऱ्या वर्षी सून माझ्या मुलाकडं बघून म्हणाली, "पाहुण्यांना जेवायला थांबवायच्या आधी मला एक फोन करत जा. मी नाही म्हणणार नाही. पण आधी विचारा."

तेव्हापासून तो फोन करतो. एक-दोनदा तिनं आज जमणार नाही असंही सांगितलं, तेव्हा पाहुणे चहा घेऊन गेले. बाकी पाहुणे पूर्वीसारखेच जेवून जातात.